बेअरिंग फेकू नका, आधी उघडून बघा

(बावधनमध्ये एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. अडखळणं आणि मधली खुर्च्यांची सरकवासरकव काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

मागे आवाज येतोय ना? हायवेचा आवाज मध्येच आला तर समजून घ्या. चांदणी चौकाच्या इतक्या जवळ राहायचं म्हणजे तो येणारच.

ओळख थोडक्यात सांगतो. तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. आधी भोसरीला, मग पिरंगुटच्या बाजूला. रोज इथून पौड रोडने जायचं आणि कोणाचं तरी बंद पडलेलं मशीन चालू करून परत यायचं. आता रिटायर आहे, त्यामुळे सोसायटीच्या पाण्याच्या मोटारी आपोआप माझ्या गळ्यात पडल्या. असे रिटायर इंजिनिअर तुमच्याही सोसायटीत असतील, त्यांना जपा.

आज हा डबा घेऊन आलोय. पेढ्यांचा आहे, पण आत पेढे नाहीत. आत मेलेली बेअरिंगं आहेत. घरचे याला भंगार म्हणतात. बोलून झालं की हातात घेऊन बघा, फक्त कडा जपून, कापलेल्या आहेत.

पुण्याला बेअरिंग नवीन नाही. चिंचवडला एसकेएफचा कारखाना साठच्या दशकापासून आहे. चाकण, भोसरी, पिरंगुट, कुठेही जा, जे फिरतंय त्याच्या पोटात बेअरिंग आहे. बसवणारे आहेत, विकणारे आहेत. पण गेलेलं बेअरिंग उघडून बघणारा माणूस मला तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. जुनं काढलं, भंगारात टाकलं, नंबर वाचला, नवीन आणलं, ठोकलं, चालू. चार महिन्यांनी पुन्हा तेच. मग आपण म्हणतो, हल्ली माल चांगला येत नाही.

मीही हेच केलंय, आणि त्यात एका माणसाचं नुकसान केलंय. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या सोसायटीत पाण्याचे प्रेशर पंप आहेत. दोन पंप, एका चौकटीवर शेजारी शेजारी. एक चालतो, दुसरा राखीव. मोटार साडेपाच एचपीची, बेअरिंग ६३०६. हा नंबर वाचायला सोपा आहे. शेवटचे दोन आकडे पाचने गुणायचे, सहा पंचे तीस, म्हणजे आतलं भोक ३० मिलिमीटर. ०४ पासून पुढे हा हिशेब लागू होतो.

तर या मोटारीचं बेअरिंग एका वर्षात तीनदा गेलं. वीस-पंचवीस वर्षं आमच्याकडे येणारे एक फिटर आहेत, भूगावला त्यांचं छोटं दुकान आहे, सगळे त्यांना मामा म्हणतात. तिन्ही वेळा त्यांनीच बदललं. तिसऱ्यांदा पाणी गेलं ते ऐन मे महिन्यात. टँकरचे पैसे भरून खालची टाकी भरलेली, आणि वर एक थेंब चढत नाही. मीटिंग झाली. कोणी म्हणालं डुप्लिकेट बेअरिंग टाकतात, कोणी म्हणालं मुद्दाम करतात, पुन्हा काम मिळावं म्हणून. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "हातोड्याने ठोकून बसवत असतील. बेअरिंग असंच जातं."

हे मी काहीही न बघता म्हणालो. ऐकायला अगदी पटणारं होतं, कारण आपल्याकडे हातोड्याने बसवतातच. मामांचं दोन कामांचं बिल अडकवलं आणि दुसरा माणूस बघायचं ठरलं. मामा काही बोलले नाहीत. पाना पिशवीत टाकला आणि गेले.

घरी आल्यावर मला झोप लागेना. सकाळी पंपरूममध्ये गेलो. तिसरं बेअरिंग तिथेच कोपऱ्यात पडलं होतं, ते घरी आणलं.

आता उघडायचं कसं ते सांगतो, कारण खरं काम इथे आहे. पहिली गोष्ट, रॉकेलमध्ये धुवायचं नाही. आपल्याला स्वच्छतेची इतकी सवय की आधी धुतो आणि निम्मा पुरावा गटारात जातो. आतलं थोडं ग्रीस पांढऱ्या कागदावर पसरा आणि उजेडात बघा. रंग काय आहे, चमचमतंय का, बोटांत चोळल्यावर कचकच लागते का. दुसरी गोष्ट, मशीनमधून काढायच्या आधीच बाहेरच्या रिंगवर मार्करने खूण करा, वरची बाजू कोणती आणि पंख्याकडची कोणती. ही खूण नसेल तर पुढे काय दिसतंय त्याचा अर्थ लागत नाही. मग दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या झाकण्या काढा. आत छर्रे धरून ठेवणारी पत्र्याची केज असते, तिला बारीक रिव्हेट असतात. एका बाजूच्या रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवली की केज सुटते. सगळे छर्रे एका बाजूला ढकलले की आतली रिंग सरकते आणि अलगद बाहेर येते. काहीजण ग्राइंडरने रिंगच कापतात. चालतं, पण चष्मा घाला. हे स्टील काचेसारखं टणक असतं, ताणाखाली फुटलं तर तुकडा थेट डोळ्यात जातो.

मग बघायची ती खोबण, जिच्यातून छर्रे धावतात. चांगल्या मोटारीत आतली रिंग फिरते, बाहेरची स्थिर, आणि वजन एकाच बाजूला. त्यामुळे आतल्या रिंगवर मधोमध, सगळीकडून सारखा, मळकट पट्टा दिसायला हवा. बाहेरच्या रिंगवर तो अर्ध्यापेक्षा कमी भागात, जिथे वजन येतं तिथे जास्त रुंद. हा पट्टा म्हणजे बेअरिंगची डायरी. बाहेरच्या रिंगवर तो तिरका गेलेला दिसला, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली, तर शाफ्ट आणि हाउसिंग एका रेषेत नाहीत. आतल्या रिंगवर एका कडेला आणि बाहेरच्या रिंगवर विरुद्ध कडेला सरकलेला असेल तर कोणीतरी शाफ्ट लांबीच्या दिशेने ढकलतंय. दोन्ही रिंगांवर पूर्ण वर्तुळभर रुंद पट्टा असेल तर बेअरिंग आवळलं गेलंय, फिटिंग फार घट्ट किंवा आतला गाळा संपला. नंबरापुढे सी३ लिहिलेलं असतं ना, ते याच गाळ्याचं. मोटारीत शाफ्ट तापून फुगतो, म्हणून थोडा जास्त गाळा ठेवतात. दुकानदाराने सी३ नाही म्हणून साधं दिलं आणि आपण घेतलं, की कधी कधी हिशेब तिथेच चुकतो.

आणि हातोड्याची खूण? ती अगदी ओळखू येते. बाहेरच्या रिंगवर ठोकून बेअरिंग शाफ्टवर चढवलं तर तो सगळा मार छर्ऱ्यांतून जातो. खोबणीत छर्ऱ्यांच्या अंतराने खळगे पडतात, एका छर्ऱ्याला एक. भिंगाने बघितलं तर खळग्याच्या तळाशी कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या बारीक रेघा तशाच दिसतात, कारण धातू झिजलेला नसतो, फक्त दबलेला असतो.

मी भिंग घेऊन तेच शोधत होतो. मला माझं म्हणणं खरं करायचं होतं, खोटं कशाला बोलू. खळगे नव्हते.

खोबण करड्या रंगाची, निस्तेज झाली होती, जणू कोणी त्यावर बारीक वाळू मारली. आणि आडव्या रेघा. एकीला लागून एक, सगळ्या वर्तुळावर, पन्हळी पत्र्यासारख्या. नखाने लागतील इतक्या. ग्रीस काळं, करपलेल्या फोडणीसारखं. हा बघा तो तुकडा.

हे विजेचं काम आहे, मंडळी. हातोड्याचं नाही, डुप्लिकेटचं नाही.

झालं असं होतं. वर्षभरापूर्वी आम्ही त्या पंपांना व्हीएफडी बसवला, म्हणजे गरजेप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं ड्राइव्ह. विजेचं बिल वाचतं, नळाला सारखं प्रेशर राहतं, चांगली गोष्ट आहे. पण ड्राइव्ह मोटारीला जी वीज देतं ती सरळ लाटेसारखी नसते. ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून तुकड्यांतून लाट बनवतं. त्यात शाफ्टवर थोडा थोडा व्होल्टेज साठत जातो. शाफ्ट जमिनीपासून वेगळा का राहतो? कारण चालत्या बेअरिंगमध्ये छर्रा आणि रिंग यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा असतो. तो एका मायक्रॉनच्या आतबाहेर असतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा. इतक्या पातळ पापुद्र्याला काही व्होल्ट पुरतात. तो फुटतो, ठिणगी पडते, स्टीलचा एक सूक्ष्म ठिपका वितळतो. पुन्हा साठतं, पुन्हा पडते. दिवसरात्र. आधी पृष्ठभाग करडा होतो, मग त्या खड्ड्यांवरून छर्रे धावता धावता आडव्या रेघा उमटतात. तेव्हा मोटार शीळ घातल्यासारखी आवाज करायला लागते.

यात नवीन बेअरिंग टाकून काय होणार? तेही तसंच जाणार. जगातलं सर्वांत महाग टाका, ते चार महिन्यांऐवजी पाच महिने जाईल.

मग काय केलं? आधी अर्थिंग तपासलं. मोटारीचं अर्थिंग नावापुरतं होतं, तार गंजलेली. ते नीट केलं. ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत साधी केबल टाकली होती, ती बदलून जाळीचं आवरण असलेली टाकली आणि ते आवरण दोन्ही टोकांना अर्थ केलं. ड्राइव्हमधली कॅरिअर फ्रिक्वेन्सी कमी केली. त्याने मोटार थोडी गुणगुणते, पण ठिणग्या कमी होतात. आणि शाफ्टवर अर्थिंग रिंग बसवली. तिचे बारीक तंतू शाफ्टला टेकलेले असतात, म्हणजे विजेला बेअरिंगऐवजी तिकडून जायला वाट मिळते. मोठ्या मोटारींत एका बाजूला इन्सुलेटेड बेअरिंगही घालतात, किंवा सिरॅमिक छर्ऱ्यांचं. ते आमच्या बजेटमध्ये नव्हतं. दोन पावसाळे झाले, तेच बेअरिंग चालतंय.

मी भूगावला गेलो. बिलाचे पैसे घेऊन गेलो आणि हा तुकडाही. मामांना दाखवला. त्यांनी उन्हात धरून फिरवून बघितला आणि म्हणाले, "साहेब, मी पहिल्याच वेळी बोललो होतो, ते नवीन खोकं बसवल्यापासून मोटारीचा आवाज बदललाय."

बोलले होते. मला आठवत होतं. मीटिंगमध्ये बोलताना मात्र आठवलं नाही.

(थोडं थांबून) असो. पाणी घेतो.

तर लोक विचारतात, बेअरिंगचं आयुष्य किती? याचं एक उत्तर गणितात आहे. स्वीडनमधल्या लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघांनी १९४७ मध्ये ते मांडलं, आजही त्यावरच हिशेब होतो. बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये एक क्षमता दिलेली असते. तिला प्रत्यक्ष भाराने भागायचं, उत्तराचा घन करायचा. जे येईल तितके दशलक्ष फेरे. आपलं ६३०६ घ्या. क्षमता साधारण २८ किलोन्यूटन, भार समजा १.४. भागाकार २०. वीसचा घन ८,०००. म्हणजे ८,००० दशलक्ष फेरे. मिनिटाला २,९०० फेऱ्यांनी हे जवळजवळ ४६,००० तास होतात. रोज सहा तास पंप चालला तर एकवीस वर्षं.

आणि भार दुप्पट केला तर? आयुष्य निम्मं होत नाही. आठवा हिस्सा होतं. एकवीस वर्षांची अडीच वर्षं. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनला बेल्ट घसरतो म्हणून कोणीतरी बेल्ट करकचून ताणतो, त्या एका संध्याकाळी हा हिशेब घडतो.

यात एक बारकावा आहे. हे जे आयुष्य येतं, ते शंभरातली नव्वद बेअरिंगं गाठतात असं. दहा त्याआधी जातात. सगळं चांगलं असूनही जातात. धातूच्या पोटात, पृष्ठभागाच्या थोडं खाली, बारीक तडा सुरू होतो, तो वर येतो आणि खपली निघते. याला थकवा म्हणतात, आणि हे बेअरिंगचं नैसर्गिक मरण. मी डब्यात शोधलं, तसं एकच सापडलं. एका कॉम्प्रेसरचं आहे, खूप जुनं. ते बघून मला बरं वाटतं, म्हातारपणाने गेलेलं आहे.

बाकीची अशी नाहीत. हे काळं पडलेलं बघा, ग्रीस सुकून गेलंय. वंगणाचं महत्त्व आपल्या लोकांना सांगायला नको, बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय कोणी बाजाराला निघत नव्हतं. पण त्याच सवयीने आपण मोटारीत ग्रीस कोंबतो. ग्रीस गन लावली की बाहेर येईपर्यंत दाबायची. बेअरिंगमधली मोकळी जागा तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच भरायची असते. जास्त भरलं तर छर्रे ते घुसळत बसतात, तापतं, तेल गळून जातं, उरतो साबण. ७० अंशांच्या वर गेलं की दर पंधरा अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. आणखी एक, दोन जातीची ग्रीस एकत्र करू नका. मोटारीतल्या बऱ्याच सीलबंद बेअरिंगांत पॉलियुरिया जातीचं असतं, दुकानात बहुतेक लिथियमचं मिळतं. दोन्ही वेगवेगळी चांगली आहेत. एकत्र केली की पुष्कळदा पातळ होऊन वाहून जातात.

हे दुसरं पिठाच्या गिरणीचं. गिरणीवाले काका म्हणाले, दर दिवाळीत जातं. दिवाळीत का? भाजणी, बेसन, दिवसरात्र गिरणी चालू. पीठ आत शिरतं आणि ग्रीसमधलं तेल शोषून घेतं. उघडलं तर आत अक्षरशः कणकेचा गोळा. पत्र्याची झाकणी असलेलं बेअरिंग लावलं होतं. पत्र्याची झाकणी आणि रिंग यांच्यात बारीक फट असतेच. त्यांना रबरी सीलचं लावायला सांगितलं, आणि रोज दुकान बंद करताना कुंच्याने बाहेरचं पीठ झाडायला. हवेच्या नळीने नाही, ती पीठ उलट आत ढकलते.

आणि हे गंजलेलं. पावसाळ्यात आमच्याकडे रामनदीकाठच्या पंपरूममध्ये भिंतींना हात लावला तर ओला होतो. दिवसभर चाललेली मोटार रात्री थंड होते, बाहेरची ओली हवा आत ओढते, आत दव पडतं. बेअरिंगच्या स्टीलमध्ये एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. क्रोमियम ऐकून लोकांना स्टेनलेस वाटतं. तितक्या क्रोमियमने गंज थांबत नाही.

आता राखीव पंपाची गोष्ट. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि इथे बसलेल्या कमिटीवाल्यांनी जरा कान द्या.

चालू पंप दुरुस्तीला गेला तेव्हा राखीव चालू केला. आठ महिने एकदाही न चाललेला, नवाकोरा. दहा मिनिटांत खडखड. सगळे म्हणाले, हा तर वापरलाच नाही, याचं बेअरिंग कसं गेलं?

वापरला नाही म्हणूनच गेलं. शेजारचा पंप चालतो, चौकट थरथरते. राखीव पंपाचा शाफ्ट फिरत नाही, पण छर्रे आपल्या जागी किंचित हलत राहतात, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढ्याने मधलं तेल बाजूला सरकतं, परत यायला वाव मिळत नाही, आणि धातूवर धातू घासतो. महिनोन्महिने. उघडलं तर छर्ऱ्यांच्या अंतराने खळगे. पहिल्या नजरेला हातोड्यासारखेच! पण भिंगाखाली ग्राइंडिंगच्या रेघा पुसलेल्या, आणि कडेला तांबूस पूड. पन्हळी रेघांशीही गल्लत करू नका, त्या एकीला लागून एक असतात, हे खळगे मोजून छर्ऱ्यांइतके. अमेरिकेत १९३० च्या दशकात नव्या मोटारगाड्या रेल्वेने पाठवायचे, तेव्हा गाडी एक मैलही चाललेली नसताना चाकांची बेअरिंगं खराब निघायची. तेच कारण. डब्यात चाक फिरत नव्हतं, फक्त थरथरत होतं.

आता विचार करा, तुमच्या इमारतीत असा कोणता पंप आहे जो कधीच चालत नाही आणि ज्याच्या शेजारी एक छोटा पंप सतत चालू-बंद होत असतो? आगीचा. जॉकी पंप लाइनचं प्रेशर धरून ठेवतो, मोठा मुख्य पंप शेजारी उभा राहून थरथर सोसतो. ज्या दिवशी त्याची गरज पडेल तो त्याचा वर्षातला पहिला दिवस असेल. आमच्याकडे आता दर सोमवारी मुख्य पंप चालवून बघतात, वहीत सही करतात. पाण्याचे दोन पंप आलटून पालटून चालवतात, ड्राइव्हच्या पॅनलमध्ये ती सोय होतीच, कोणी चालू केली नव्हती.

गॉथेनबर्गचं सांगायचं राहिलं. स्वेन विंगक्विस्ट नावाचा एक माणूस तिथल्या कापडगिरणीत होता, मेंटेनन्सलाच, आपल्यासारखा. गिरणी चिकणमातीवर बांधलेली. जमीन खचायची, छताजवळून जाणारे लांब शाफ्ट वाकडे व्हायचे, बेअरिंगं तुटायची. बाहेरून चांगली बेअरिंगं मागवायची म्हणजे फार दिवस लागायचे. त्याने बघितलं की बेअरिंगचा दोष नाही, शाफ्ट सरळ राहणारच नाहीये. मग त्याने असं बेअरिंग बनवलं जे शाफ्टबरोबर थोडं कलतं, दोन ओळींचे छर्रे आणि बाहेरची खोबण गोलाकार. साल १९०७. त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली, चिंचवडचा कारखाना तिचाच. आपल्याकडेही काळ्या मातीत फाउंडेशन हलतं, हे मुळशीतल्या कोणालाही सांगायला नको.

प्रश्न घेतो. हो ताई, बोला.

डुप्लिकेट ओळखायचं कसं, बरोबर? डुप्लिकेट बाजारात आहे, नक्की आहे. जुनी बेअरिंगं पॉलिश करून, नवा नंबर मारून, छान खोक्यात विकतात. खोक्यावरून ओळखायला जाऊ नका, आता खोकी खऱ्यापेक्षा सुंदर येतात. अधिकृत डीलरकडून पक्क्या बिलावर घ्या. मोठ्या कंपन्यांचे ॲप आहेत, फोटो किंवा कोड तपासता येतो. पण एक विनंती. बेअरिंग गेलं की पहिला संशय डुप्लिकेटवर घेऊ नका. तो संशय घेतला की मशीनकडे कोणी बघतच नाही.

हातोडा नाही तर बसवायचं कसं? शाफ्टवर घट्ट बसायचं असेल तर आतल्या रिंगवरच जोर यायला हवा, बाहेरच्या नाही. योग्य मापाचा पाइप आणि प्रेस. किंवा तापवून, इंडक्शन हीटर असेल तर उत्तम. ११० अंशांपर्यंत तापवलं की पुरतं, हाताने सरकतं. १२५ च्या वर नेऊ नका. गॅस कटरची ज्योत तर अजिबात नको, एका बाजूला निळं पडलं की त्याचा टणकपणा गेला. आणि सीलबंद, ग्रीस भरलेलं असेल तर ८० च्या वर नाही. खोकं शेवटच्या क्षणापर्यंत उघडू नका. आपण वर्तमानपत्रावर उघडून ठेवतो, जेवून येतो, तोवर बावधनची धूळ बसते त्याच्यावर.

मागून कोणीतरी विचारतंय, घरच्या पंख्याचं? पंखा बंद करा, हाताने हळू फिरवा. गुळगुळीत फिरला तर आवाज पात्याचा किंवा लटकवायच्या रॉडचा असेल. बोटांना खरखर लागली तर बेअरिंग. बदलून घ्या, फार खर्च नाही. आणि त्या माणसाला सांगा, जुनं मला दे.

ते बेअरिंग इकडे आणा, डब्यात अजून जागा आहे.